शंभर वर्षांचं वैर आणि १४० दिवसांची बोलणी: आयर्लंड २०२० ची केस

२०१९ च्या डिसेंबर अखेरीस आयर्लंडचे पंतप्रधान मालवण तालुक्यातल्या वराड गावी घरच्यांना घेऊन येऊन गेले, बऱ्याच जणांना आठवत असेल. लिओ वराडकर. वडील अशोक वराडकर मूळचे तिथले, डॉक्टर, १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, आई मिरियम आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीतली नर्स. गावात कौतुक झालं, पेपरात फोटो आले, आणि आपण विषय तिथेच सोडला. खरी गंमत त्यानंतर झाली. वराडहून परत गेल्यावर जेमतेम पंधरा दिवसांत, १४ जानेवारी २०२० ला, त्यांनी संसद बरखास्त करून घेतली, ८ फेब्रुवारीला मतदान झालं, आणि नवीन सरकार यायला २७ जून उजाडला. मोजले तर १४० दिवस. आणि सरकार आलं ते असं, की जे दोन पक्ष यादवी युद्धात एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या दोन गटांतून जन्मले, ते दोघे पहिल्यांदा एकाच मंत्रिमंडळात बसले, आणि पंतप्रधानपद अर्धं-अर्धं वाटून घेतलं.

अर्धं-अर्धं म्हटल्यावर आपल्या लोकांचे कान टवकारणारच. त्याच्या सात-साडेसात महिने आधी महाराष्ट्रात याच अडीच-अडीच वर्षांवरून युती फुटली होती, शब्द दिला होता की नव्हता यावर आजही एकमत नाही. म्हणूनच मला ही आयर्लंडची केस नीट लिहून काढावीशी वाटली. तिथेही मित्रपक्ष काही एकमेकांच्या प्रेमात नव्हते, उलट वैर आपल्यापेक्षा कितीतरी जुनं होतं, तरी गाडी पाच वर्षांच्या जवळपास चालली. का चालली, आणि चालवायचं बिल कोणी भरलं, हे बघायचंय.

नावांचं आधी उरकून घेऊ. पंतप्रधानाला तिथे टीशॉख म्हणतात, उपपंतप्रधान म्हणजे टॉनिश्ता, खालचं सभागृह डॉल, वरचं शॅनड. दोन जुने पक्ष फिआना फॉल आणि फिना गेल, आणि तिसरा शिन फेन, जो आपल्याला टिळकांच्या काळापासूनच्या वाचनात कुठे ना कुठे भेटलेला असतो.

भांडण नक्की कशावरून

६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये इंग्रजांशी करार झाला. पूर्ण प्रजासत्ताक नाही, ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, आणि उत्तरेकडच्या सहा काउंट्या बाहेरच. स्वातंत्र्यलढ्यातले नेते मायकल कॉलिन्स म्हणाले आत्ता एवढं घेऊया, पुढचं पुढे बघू. दुसरे नेते डी व्हॅलेरा म्हणाले नाही. ७ जानेवारी १९२२ ला डॉलमध्ये मतदान झालं, ६४ विरुद्ध ५७, करार मंजूर. जूनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं, म्हणजे काल खांद्याला खांदा लावून इंग्रजांशी लढलेली माणसं आज एकमेकांना मारायला लागली, कॉलिन्स ऑगस्ट १९२२ मध्ये कॉर्कमधल्या बेल ना ब्ला या गावाजवळ दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने गेले, आणि १९२३ च्या मे महिन्यात करारविरोधकांनी हत्यारं ठेवली तोवर सरकारने त्यांची सत्तरहून जास्त माणसं भिंतीला उभी करून मारली होती. करारवाल्यांचा पक्ष पुढे १९३३ मध्ये फिना गेल झाला. डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये शिन फेन सोडून फिआना फॉल काढला आणि १९३२ ला सत्तेत आले.

तेव्हापासून २०२० पर्यंत टीशॉख म्हणजे या दोनपैकी एका घरातला, तिसरं नाव नाही. धोरणात फरक काय म्हणाल तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत दाखवून द्यायला भिंगच लागेल, दोघेही मध्याच्या थोडे उजवीकडे, दोघेही युरोपवाले, दोघेही परदेशी कंपन्यांना कमी टॅक्सवर बोलावणारे. पण आजोबा कुठल्या बाजूने होते त्यावर नातू मत देणार. आपल्याकडे एखाद्या गावात दोन पाटलांच्या भावकीचं वैर असतं ना, मूळ बांध कुठला होता कोणाला आठवत नाही पण लग्नाचं आमंत्रण अजून जात नाही, तसलं ते.

या वैराला सोयीचं असं तिथलं मतदान आहे, आणि मला वाटतं ही केस समजायची किल्लीच ती आहे.

जागावाटप नसलेला देश

तिथे एका मतदारसंघातून एक नाही, तीन ते पाच माणसं निवडून जातात. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. मतं किती लागतात याचं सूत्र सोपं आहे, एकूण वैध मतं भागिले जागा अधिक एक, आलेल्या आकड्यात एक मिळवा. साठ हजार मतं आणि पाच जागा असतील तर १०,००१. ज्याला त्याहून जास्त मिळाली त्याची जादाची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, जो तळाला आहे तो बाद आणि त्याची मतंही पुढच्या पसंतीकडे. फेरीवर फेरी, कधी कधी दोन-दोन दिवस मोजणी चालते. आपली विधान परिषदेची निवडणूक ज्यांनी बारकाईने पाहिलीये त्यांना हे लगेच कळेल, फक्त इथे मतं आमदार नाही तर सगळी जनता देते.

याचा परिणाम काय होतो बघा. आपल्याकडे मतं फुटतात म्हणून युती निवडणुकीच्या आधी करावी लागते, आणि युती म्हणजे जागावाटप, आणि जागावाटप म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मारामारी, बंडखोरी, रुसवेफुगवे. तिथे मतं फुटत नाहीत, ती फिरतात. म्हणून प्रत्येक पक्ष आपापला लढतो, आपापलं नाव आणि आपापलं वैर शाबूत ठेवून, आणि युतीचं भांडण निकालानंतर होतं. जागांवर नाही तर कार्यक्रमावर आणि खात्यांवर. शिवाय एका मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार असल्यामुळे माणसाचा खरा वैरी बऱ्याचदा स्वतःच्याच पक्षातला असतो, दुसऱ्या पक्षाशी वैर हे भाषणापुरतं. म्हणजे निकालानंतर हातमिळवणी करायला लागलीच तर कोणाचा मतदारसंघ जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

२०२० च्या आधीचं अर्धं लग्न

२००८ नंतर आयर्लंडच्या बँका बुडाल्या, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये युरोप आणि नाणेनिधीकडून ८५ अब्ज युरोचं पॅकेज घ्यावं लागलं, आणि तेव्हा सत्तेत असलेल्या फिआना फॉलला लोकांनी २०११ मध्ये वीस जागांवर आणून ठेवलं. ज्या पक्षाला सत्तर-ऐंशी जागांची सवय, त्याला वीस. त्या पडझडीत मिहॉल मार्टिन अध्यक्ष झाले, कॉर्कचे, मूळचे शाळामास्तर.

२०१६ मध्ये फिना गेल ५०, फिआना फॉल ४४, बहुमत कोणालाच नाही. सत्तर दिवस काथ्याकूट झाला आणि तोडगा निघाला तो असा, की फिना गेलने अपक्षांना घेऊन अल्पमताचं सरकार चालवायचं आणि फिआना फॉलने विरोधी बाकावर बसून अर्थसंकल्पाला आणि विश्वासमताला गैरहजेरीवजा पाठिंबा द्यायचा, तीन अर्थसंकल्पांपुरता. आपल्या भाषेत बाहेरून पाठिंबा, पण लेखी करार करून. ब्रेक्झिटच्या गोंधळात देशाला निवडणूक परवडणार नाही म्हणून २०१८ च्या डिसेंबरात तो आणखी एक वर्ष वाढवला. वराडकर २०१७ च्या जूनमध्ये टीशॉख झाले ते याच व्यवस्थेत.

या अर्ध्या लग्नाचा एक साइड इफेक्ट झाला जो दोघांनाही वेळेत दिसला नाही. दोघेही एकाच सरकारला जबाबदार दिसायला लागले. घरभाडं आकाशाला भिडलं, बेघरांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या वर गेला, दवाखान्यात ट्रॉलीवर पडून राहायची वेळ आली, निवृत्तीवेतनाचं वय ६७ करायचं घाटत होतं, आणि चिडलेल्या माणसाने फिना गेलला धडा शिकवायचा म्हणून फिआना फॉलला मत द्यायचं तर ते तर यांचेच भागीदार. मग राहिलं कोण?

निकाल

गंमत अशी की शिन फेनलासुद्धा आपली लाट दिसली नव्हती. २०१९ च्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीत त्यांचे जवळजवळ अर्धे नगरसेवक पडले होते. म्हणून फेब्रुवारीत त्यांनी हात आखडता घेऊन फक्त ४२ उमेदवार दिले. सरकारी वाहिनीच्या शेवटच्या डिबेटमध्ये आधी फक्त वराडकर आणि मार्टिन दोघांनाच बोलावणार होते, सर्व्हे बघून ऐनवेळी शिन फेनच्या अध्यक्ष मेरी लू मॅकडोनाल्डना खुर्ची टाकावी लागली. त्यात जानेवारीत सरकारने इंग्रजांच्या काळातल्या पोलीस दलाच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवायचं काढलं, इतकी बोंब झाली की तो पुढे ढकलावा लागला, आणि शंभर वर्षांपूर्वीचा राग ऐन निवडणुकीच्या तोंडावर फुकटात वर आला. ब्रेक्झिटवर वराडकरांनी चांगली कामगिरी केली होती आणि त्यांना वाटत होतं लोक त्यावर मत देतील. लोकांनी भाड्यावर दिलं.

मतदानाच्या रात्रीचा एक्झिट पोल मी अजून विसरलेलो नाही: २२.४, २२.३, २२.२. पहिल्या-तिसऱ्यात पॉइंट दोनचा फरक! प्रत्यक्ष मोजणीत शिन फेन २४.५ टक्के, फिआना फॉल २२.२, फिना गेल २०.९. शिन फेनची एक उमेदवार तर प्रचाराच्या दिवसांत सुट्टीवर गेलेली, तरी तिच्या मतदारसंघात पहिली आली. ४२ पैकी ३७ निवडून आले, आणि दुसरा उमेदवारच नसल्यामुळे त्यांची जादाची मतं फिरून डाव्या छोट्या पक्षांच्या झोळीत पडली. खुद्द वराडकर आपल्या डब्लिन वेस्टमध्ये पाचव्या फेरीत निवडून आले, पहिला नंबर शिन फेनचा.

जागा: फिआना फॉल ३८ (त्यातले एक सभापती, ते तिथे बिनविरोध परत येतात), शिन फेन ३७, फिना गेल ३५, ग्रीन पार्टी (पर्यावरणवादी) १२, लेबर ६, सोशल डेमोक्रॅट्स ६, अति-डावी आघाडी ५, बाकी अपक्ष आणि किरकोळ. एकूण १६०, म्हणजे ऐंशीच्या आसपास लागणार. आता जरा मागे बघा, १९८२ च्या नोव्हेंबरात या दोन जुन्या पक्षांची मिळून मतं ८४ टक्के होती. २०२० ला ४३. इतिहासात पहिल्यांदाच असं झालं की दोघांच्या जागा एकत्र केल्या तरी, ७३, बहुमत होत नाही. म्हणजे वैर सोडून मिठी मारली तरी तिसरा माणूस लागणारच.

आकड्यांचा खेळ

पर्याय मांडून बघू, तेव्हा डब्लिनमध्ये प्रत्येक पबमध्ये हेच चालू असणार. शिन फेन आणि सगळे डावे मिळून, ग्रीन धरून, ६६. नाही पुरत. शिन फेन, फिआना फॉल आणि ग्रीन, ८७. पुरतात, आरामात. फिआना फॉल, फिना गेल आणि ग्रीन, ८५. हेही पुरतात. म्हणजे सगळं घोडं मार्टिन यांच्यापाशी अडलं होतं, त्यांनी कोणाचा हात धरायचा.

त्यांनी प्रचारात दोघांचेही दरवाजे बंद केले होते. फिना गेल नको कारण लोकांना बदल हवाय, शिन फेन नको कारण उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात ती आयआरएची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललेल्या संघटनेची, राजकीय बाजू होती आणि आजही पक्षाचा लगाम निवडून आलेल्या माणसांच्या हातात आहे की पडद्यामागच्या, याबद्दल त्यांना शंका. मोजणीच्या दिवशी त्यांचा सूर जरा मऊ झाल्यासारखा वाटला, चर्चेला हरकत नाही छापाचा. पण त्याच रात्री वॉटरफर्डमधून प्रचंड मतांनी आलेले शिन फेनचे डेव्हिड कलिनन विजयाच्या जोशात आयआरएच्या जयजयकाराची घोषणा देऊन बसले, व्हिडिओ फिरला, आणि ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांना आयतं निमित्त मिळालं. फिआना फॉलच्या आमदारांच्या बैठकीत शिन फेन नको हे पक्कं झालं.

माझं वैयक्तिक मत, ती घोषणा झाली नसती तरी फरक पडला नसता. शिन फेन ही फिआना फॉलच्याच मतांवर वाढत होती, तोच प्रजासत्ताकवाला, कामगारवस्तीतला मतदार. आपल्या दुकानासमोर दुकान टाकणाऱ्याला कोणी भागीदार करून घेत नाही. फिना गेलचं दुकान निदान पलीकडच्या गल्लीत होतं.

२० फेब्रुवारीला नवी डॉल भरली. टीशॉखपदासाठी चार नावं आली: मॅकडोनाल्ड ४५ मतं, मार्टिन ४१, वराडकर ३६, ग्रीनचे अध्यक्ष एमन रायन १२. चौघेही पडले. त्या रात्री वराडकरांनी राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांच्याकडे राजीनामा दिला आणि काळजीवाहू म्हणून खुर्चीवर राहिले. फिना गेलची तेव्हाची भाषा होती आम्ही हरलोय, आम्ही विरोधात बसतो, तुम्ही दोघं जिंकलेले बघा काय ते. अर्थात हा भाव वाढवायचाही प्रकार असतो, आपल्याला काय सांगायचं.

आणि मग कोविड

२९ फेब्रुवारीला आयर्लंडमध्ये पहिला रुग्ण सापडला. १२ मार्चला वराडकर सेंट पॅट्रिक डेच्या दौऱ्यावर वॉशिंग्टनमध्ये होते, तिथूनच उभं राहून त्यांनी शाळा-कॉलेज बंद केल्याचं जाहीर केलं. आता या परिस्थितीतला विचित्रपणा बघा: लोकांनी ज्यांना नाकारलं ते सरकार आयुष्यातले सर्वात मोठे निर्णय घेतंय. तीन मंत्री तर स्वतःच्या मतदारसंघात पडलेले होते तरी मंत्री होते. समाजकल्याण मंत्री रेजिना डॉहर्टी निवडणूक हरल्या होत्या, आणि नोकरी गेलेल्या लाखो लोकांना आठवड्याला ३५० युरो देणारी योजना त्यांच्याच खात्यातून गेली. वराडकर पेशाने डॉक्टर, त्यांनी डॉक्टरकीची नोंदणी पुन्हा करून आठवड्यातून काही तास काम करायची तयारी दाखवली. लोकांना हे सगळं आवडलं, सर्व्हेत फिना गेल पस्तिशीच्या आसपास गेला आणि फिआना फॉल पंधराच्या आसपास घसरला.

म्हणजे बोलणी सुरू होती तोवर टेबलाचं वजनच फिरलं. फेब्रुवारीत ३८ वाला मोठा भाऊ होता, मे-जूनमध्ये परत निवडणूक झाली तर तो संपणार होता हे त्यालाही माहीत. मार्टिन यांच्या बाबतीत आणखी एक काटा होता, फिआना फॉलचा प्रत्येक अध्यक्ष त्यांच्याआधी टीशॉख झालेला, हे नाही झाले तर इतिहासातले एकमेव. त्यामुळे ज्याला गरज जास्त त्याने रोटेशन मान्य केलं. पहिली पाळी मार्टिन यांची, दुसरी वराडकरांची, तारीख १५ डिसेंबर २०२२, लेखी. आयर्लंडच्या इतिहासात टीशॉखपद असं वाटून घ्यायची ही पहिली वेळ.

१४-१५ एप्रिलला दोघांनी मिळून एक आराखडा काढला. भरपूर आश्वासनं, पैसे कुठून आणणार त्याचा पत्ता नाही, तो मुळात तिसऱ्याला बोलवायचा आमंत्रण-कार्ड होता. लेबरने हात जोडले, २०११ ला ३७ होते, फिना गेलसोबत सरकारात जाऊन २०१६ ला ७ झाले, दुधाने तोंड पोळलेलं. सोशल डेमोक्रॅट्सही नाही म्हणाले. उरली ग्रीन पार्टी.

बारा जणांचा पक्ष

मला या सगळ्यात खरा रस वाटतो तो ग्रीन पार्टीत. तोंड तर यांचंही पोळलेलं होतं. २००७ ला सहा जागा, फिआना फॉलसोबत सरकारात, २०११ ला सहाच्या सहा गेल्या, रायन स्वतः पडले. पक्ष शून्यातून परत उभा करून २०२० मध्ये बारावर आणला आणि लगेच परत तोच प्रश्न दारात. आधी त्यांनी सर्वपक्षीय राष्ट्रीय सरकारचं घोडं पुढे दामटलं, कोणी ऐकलं नाही. मग दोन्ही पक्षांना १७ प्रश्न पाठवले, त्यातला पहिला आणि खरा एकच: प्रदूषणाचं उत्सर्जन दरवर्षी सरासरी ७ टक्क्यांनी कमी करणार का, हो की नाही?

शेतकरी हा दोन्ही जुन्या पक्षांचा कणा, आणि तिथे शेती म्हणजे गुरं, आणि गुरं म्हणजे मिथेन. त्यामुळे ७ टक्के हा आकडा ग्रामीण आमदारांना कसा लागला असेल कल्पना करा. तरी मे महिन्यात तिघे टेबलावर बसले, सोशल डिस्टन्सिंग पाळून, आणि १५ जूनला सरकारचा कार्यक्रम तयार झाला. ७ टक्के मान्य. दशकात मिळून ५१ टक्के. नवीन वाहतूक प्रकल्पांत रस्त्याला एक युरो तर सार्वजनिक वाहतुकीला दोन. चालणं आणि सायकलसाठी वर्षाला ३६ कोटी युरो. बारा आमदारांनी एवढं काढलं, मोलभाव म्हणून बघाल तर जबरदस्त.

पण इथे आपल्यापेक्षा एक गोष्ट वेगळी. नेत्यांनी सही केली म्हणून झालं नाही, तिन्ही पक्षांच्या सदस्यांनी मतदान करायचं होतं. फिआना फॉलमध्ये एक सदस्य एक मत, पोस्टाने. फिना गेलमध्ये आमदार-खासदारांचं वजन निम्मं आणि बाकी कार्यकर्ते, नगरसेवक वगैरे. ग्रीनमध्ये साधं बहुमत नाही, दोन तृतीयांश पाहिजे, आणि पक्ष अख्ख्या बेटाचा असल्यामुळे उत्तर आयर्लंडमधले, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्या देशातले सदस्यही मत देणार! तिथल्या ग्रीन नेत्या उघड विरोधात होत्या. इकडे फिआना फॉलमध्ये डी व्हॅलेरांचे सख्खे नातू एमन ओ क्वीव विरोध करत होते, आजोबांचा पक्ष कॉलिन्सवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार म्हणून. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

भिजत घोंगडं आणखी भिजलं असतं पण जूनअखेरची एक तारीख डोक्यावर होती. शॅनडच्या ६० पैकी ११ जागा नवीन टीशॉखने भरायच्या असतात. टीशॉख नाही म्हणजे ११ नाहीत, ११ नाहीत म्हणजे शॅनड पूर्ण नाही, म्हणून कुठलाच नवा कायदा पास करता येत नाही. आणि दहशतवादविरोधी कायद्याच्या काही कलमांना दरवर्षी ३० जूनच्या आत दोन्ही सभागृहांची मुदतवाढ लागते. राज्यघटनेतल्या असल्या कोपऱ्यातल्या खिट्ट्या कधी कधी मोठमोठ्या नेत्यांपेक्षा जास्त काम करतात.

२६ जूनला निकाल आले. फिआना फॉल ७४ टक्के हो, फिना गेल ८०, ग्रीन ७६. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, डॉल आपल्या जुन्या इमारतीत नाही तर लिफी नदीकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरली, अंतर ठेवून बसायला जागा पाहिजे म्हणून. ९३ विरुद्ध ६३, तिघे तटस्थ, मिहॉल मार्टिन टीशॉख. घरचे लोक कॉर्कमध्ये टीव्हीवर बघत होते. मंत्रिमंडळात सहा, सहा, तीन. वराडकर टॉनिश्ता.

चाललं कसं

सुरुवात तर अशी झाली की वाटावं सहा महिनेही टिकणार नाही. फिआना फॉलचे कृषिमंत्री बॅरी कोवन दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या प्रकरणावरून सतरा दिवसांत गेले. त्यांच्या जागी आलेले डारा कॅलरी ऑगस्टमध्ये कोविडचे नियम चालू असताना गोल्फ सोसायटीच्या जेवणाला गेले म्हणून महिनाभरात गेले. त्याच जेवणामुळे फिना गेलचे युरोपियन कमिशनर फिल होगन यांनाही जावं लागलं. ग्रीनमध्ये तर सरकारात जाताजाताच अध्यक्षपदाची निवडणूक, रायन आपल्याच उपाध्यक्ष कॅथरिन मार्टिन यांच्यापेक्षा फक्त ४८ मतांनी वाचले.

पण गाडी चालली. तिघांपैकी कोणालाच निवडणूक परवडत नव्हती, सर्व्हेत शिन फेन पुढे. भीती हा चांगला सिमेंट आहे. दुसरं म्हणजे सगळं आधी लिहिलेलं. २०२२ च्या जुलैत काही आमदार गळून तांत्रिक बहुमतही गेलं होतं, तरी विश्वासमत ८५ विरुद्ध ६६ ने जिंकलं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बेल ना ब्ला इथे कॉलिन्स यांच्या मृत्यूच्या शताब्दीचा कार्यक्रम झाला. दरवर्षीचा तो फिना गेलवाल्यांचा सोहळा. त्या वर्षी व्यासपीठावर वराडकरांच्या बरोबरीने डी व्हॅलेरांच्या पक्षाचा अध्यक्ष उभा राहून बोलला. चार महिन्यांनी, १७ डिसेंबर २०२२ ला, खुर्चीची अदलाबदल झाली. ठरलेली तारीख १५ होती, दोन दिवस लागले ते मार्टिन यांना युरोपियन शिखर परिषदेला जायचं होतं म्हणून. अर्थ आणि खर्च ही दोन खातीसुद्धा त्याच दिवशी दोन पक्षांनी आपसात बदलली. रुसवा नाही, कोर्ट नाही, रिसॉर्ट नाही.

वराडकर दुसरी पाळी मात्र पूर्ण करू शकले नाहीत, २०२४ च्या मार्चमध्ये स्वतःहून राजीनामा जाहीर केला, सायमन हॅरिस ३७ व्या वर्षी टीशॉख झाले.

बिल

२९ नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक, डॉल आता १७४ ची. फिआना फॉल ४८, शिन फेन ३९, फिना गेल ३८. दोघा जुन्या वैऱ्यांची मतांची बेरीज जवळजवळ तेवढीच, ४३ च्या घरात, म्हणजे सरकारात राहून कोणी बुडालं नाही.

ग्रीन पार्टी बारावरून एकावर. फक्त नवे अध्यक्ष रॉडरिक ओगॉर्मन वाचले, कॅथरिन मार्टिनही पडल्या, रायन उभेच राहिले नव्हते.

इथे ती मगाचची किल्ली लावा. फिआना फॉलच्या मतदाराने दुसरी पसंती फिना गेलला द्यायला सुरुवात केली आणि उलटही, म्हणजे वैर विझलं ते आधी मतपत्रिकेवर. मोठ्यांचं यात भागतं कारण त्यांच्याकडे पहिल्या पसंतीचा साठा असतो. छोटा पक्ष जगतो तो सगळ्यांची दुसरी-तिसरी पसंती बनून, तो कोणालाच नकोसा नसतो म्हणून. सरकारात गेला की सरकारवर चिडलेल्या प्रत्येकाच्या यादीत तो तळाला जातो, आणि सरकारवर खूश असलेला मतदार मत देतो मोठ्या भावाला. ग्रीनचं २०११ ला तेच, लेबरचं २०१६ ला तेच, आणि त्याच्या आधी प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स नावाचा पक्ष होता तो तर बंदच पडला. ५१ टक्क्यांचा कायदा राहिला, ज्यांनी तो आणला ते राहिले नाहीत. रायन यांना हे माहीत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही, एकदा सगळं गमावून परत त्याच दारातून आत गेलेला माणूस आहे तो.

म्हणून २०२४ ला गंमत झाली, दोघांचे मिळून ८६, पाहिजेत ८८, आणि आत यायला कुठलाच छोटा पक्ष तयार नाही. शेवटी अपक्षांचा एक गट धरला. तर त्या गटातल्या काहींना सरकारला पाठिंबाही द्यायचा होता आणि बोलायचा वेळ विरोधकांच्या कोट्यातला हवा होता! २२ जानेवारी २०२५ ला त्यावरून डॉलमध्ये एवढा गोंधळ झाला की टीशॉखची निवडच होऊ शकली नाही. दुसऱ्या दिवशी ९५ विरुद्ध ७६ ने परत मार्टिन. करारात या वेळी खुर्ची बदलायची तारीख आहे नोव्हेंबर २०२७, पुढची पाळी फिना गेलची.